चुन्याची निवळी

नळीतलं पाणी निळं झालं. गौरीने नळी खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली, आणि तिच्या तोंडून शिवी गेली. शिवी धुळ्याकडची होती, त्यामुळे सुरतेतल्या त्या कापड रंगवायच्या मिलच्या लॅबमध्ये ती कुणाला कळली नाही. कळली असती तरी त्या क्षणी तिला फिकीर नव्हती. मागच्या खेपेला रंग फिका होता, पांढरे कपडे निळीतून काढल्यावर बादलीत उरतो तसा. आज तो चांगला ठसठशीत होता. म्हणजे एवढं सगळं करूनही घरच्या माशांच्या टाकीतलं फॉस्फेट उतरलं नव्हतं, चढलं होतं. हीच परीक्षा ती रोज सकाळी बॉयलरच्या पाण्याची करत असे, आणि बॉयलरला निळं हवंच असतं. नाही आलं तर बॉयलरवाल्याला बोलावून झापायचं, हा तिच्या नोकरीचा भाग होता. घरच्या टाकीला मात्र निळं म्हणजे मरण. टाकीत समुद्राचं पाणी, त्यात जिवंत प्रवाळ, आणि फॉस्फेट चढलं की शेवाळाला खत घातल्यासारखं होतं. ते दगडांवर केसांसारखं वाढतं आणि प्रवाळाला गुदमरवून टाकतं. गुदमरणं सुरू झालंच होतं. संक्रांतीपर्यंत रोज उजेड लागला की जे फुलायचं, ते आता मिटल्या मुठीसारखं बसून राहिलं होतं, आणि काल रात्री तिने बॅटरी मारून पाहिलं तर त्याच्या कडेला एक करडा डाग पडला होता.

शेजारच्या टेबलावर मगनभाई साडीच्या कापडाच्या दोन चिंध्या खिडकीकडे धरून त्यांची शेड जुळते का ते पाहत होते. त्यांनी चिंध्यांवरची नजर न काढता विचारलं, "केम बेन, तमारी माछली जीवे छे ने?" रोजच विचारायचे. त्यात वाईट काही नव्हतं, म्हातारा माणूस, घरी नातवंडं, त्यांना सांगायला काही मिळावं म्हणून विचारायचे. पण आज तो प्रश्न गौरीच्या अंगावर गरम थेंब पडल्यासारखा पडला. माछली जीवे छे, हुं मरुं छुं, असं ती म्हणाली. मगनभाई हसले. तिला हसायचं नव्हतं, आणि तिच्या बोलण्यावर माणसं हसतात याचा तिला अलीकडे भयंकर राग यायला लागला होता. तिने नळी मोरीत उपडी केली, खळाखळा धुतली आणि पुन्हा सुरुवातीपासून विचार करायला लागली. कुठून येतंय हे? आकाशातून तर पडत नाही. फॉस्फेट म्हणजे काही भूतबाधा नव्हे. कुणीतरी घातल्याशिवाय ते पाण्यात येत नाही.

एकेक वाट तिने बंद केली होती. सुरुवातीला चूक तिचीच झाली होती, आणि ती चूक फक्त डाईंगवालाच करू शकतो. मिलमध्ये मऊ, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याला देव मानतात. कठीण पाण्यात रंग फुटतो, डाग पडतात, म्हणून मिलचं पाणी मऊ करून घेतात, आणि या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जगात मऊ पाण्याहून चांगलं पाणी नाही असं मनापासून वाटतं. गौरीलाही वाटलं. टाकीतलं पाणी वाफ होऊन कमी होतं, त्याची भर घालायला ती मिलमधून कॅन भरून मऊ पाणी नेऊ लागली. पाइप सांभाळण्यासाठी त्या पाण्यात मुळातच फॉस्फेट सोडलेलं असतं, हे तिला, त्याच पाण्यावर पगार घेणाऱ्या बाईला, सुचायला दोन महिने लागले. मग तिने मिलचं पाणी तोडलं आणि गाड्यांच्या बॅटरीत घालतात ते पाणी दुकानातून आणायला सुरुवात केली. दुकानदार दर आठवड्याला विचारायचा, बेन, तुमच्याकडे ट्रक किती आहेत. टाकीचे मासे जिथून आणले त्या मुंबईच्या मासेवाल्याने फॉस्फेट ओढून घेणारी परदेशी पुडी सुचवली होती, पण त्या पुडीच्या भावात घरात नवा मिक्सर आला असता. तिने पानवाल्याच्या टपरीवरून चुना आणला. चुना पाण्यात कालवायचा, रात्रभर झाकून ठेवायचा, आणि वरची स्वच्छ निवळी तेवढी हलक्या हाताने काढून घ्यायची. ही निवळी टाकीत थेंबाथेंबाने पडली की फॉस्फेटला धरून खाली बसवते. ओळखीच्या कंपाउंडरकडून तिने सलाइनची बाटली आणि नळी मिळवली आणि टाकीवरच्या खिळ्याला टांगली. बाबांनी ते पाहून, आता माशांना अॅडमिट केलं वाटतं, असा विनोद केला आणि तो आपल्या बँकेतल्या लोकांनाही सांगितला. तिथल गावच्या किनाऱ्यावरून समुद्राचं पाणी आणून, ड्रममध्ये अंधारात ठेवून, गाळ बसवून तिने टाकीचं अर्धं पाणी बदललं. माशांना घालायची सुकट ती आधी तीन पाण्यांनी धुऊ लागली, चिमूटभरच घालू लागली. मासे चिडचिडे झाले, तीही झाली. आणि फॉस्फेट चढतच राहिलं. मेहनत करून हरण्यात तिला नवीन काही नव्हतं. पण जिथे मेहनतीचा हिशोब नळीत दिसतो तिथेही हरावं, हे तिच्या डोक्यात जात होतं.

टाकी घरात आली त्याच्या आधीची गोष्ट म्हणजे प्लेगचं वर्ष. त्या वर्षी निम्मी सुरत पळाली तशी त्यांच्या बिल्डिंगमधली मराठी घरंही पळाली. बाबा, आई आणि ती धुळ्याला मामाकडे. इकडे लोक तोंडाला रुमाल बांधून फिरत होते आणि तिकडे मामीने गौरीला साडी नेसवून तिच्या हातात पोह्यांची बशी दिली होती. आलीच आहे तर दाखवून टाकू, असा हिशोब. बघायला आलेल्या मुलाच्या आईने प्लेगच्या गावातून आलेली मुलगी म्हणून तिच्या हातची बशी बराच वेळ तशीच खाली ठेवली आणि शेवटी आमचा आज उपास आहे म्हणाली. गौरीला ते पोहे अजून आठवत. नंतर एक जळगावचा आला, एक नाशिकचा, एक बडोद्याचा. कुणाला ती रंगाच्या मिलमध्ये पुरुषांबरोबर काम करते ते खटकलं, कुणाला तिची नखं. नखांच्या कडांना रंग बसलेला असायचा, तो कशानेच जात नसे. आई बघण्याच्या आदल्या दिवशी लिंबाच्या सालीने तिची नखं घासून द्यायची आणि ती हात पुढे करून बसायची. आपण तेव्हा हात का पुढे केले, याचाही आता तिला राग येई. बडोद्याच्या नकारानंतर मिलने तिला रंगांचे नमुने घेऊन मुंबईला पाठवलं. काम लवकर आटोपलं, आणि बाजारातून जाताना ती शोभेचे मासे विकणाऱ्या एका मासेवाल्याच्या दुकानात सावलीसाठी म्हणून शिरली. आत एका काचेत ते होतं. तपकिरी, मांसल, भूछत्रासारखं, आणि त्याच्या सगळ्या अंगावर बारीक बारीक बोटं, पाण्याबरोबर हलणारी. दुकानदार म्हणाला, हे झाड नव्हे, हा जीव आहे, उजेड खातो. गौरी त्याच्यापुढे किती वेळ उभी राहिली तिला कळलं नाही. त्याला तोंड नव्हतं, डोळे नव्हते. ते कुणाकडे बघत नव्हतं आणि आपल्याकडे कुणी बघतंय याची त्याला पर्वा नव्हती. पाणी बरोबर असलं की उघडायचं, नसलं की मिटायचं, बस्स. इतकं सरळ वागणारं तिने त्याआधी काही पाहिलं नव्हतं. तिने ते घेतलं, बरोबर केशरी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी घेतली, आणि पिशव्या थर्मासच्या डब्यात घालून मांडीवर सांभाळत सुरतेला आणल्या. शाकाहारी घरात मासे आले म्हणून आई दोन दिवस धुसफुसली. मग माशांना ती जोडपं म्हणायला लागली, आणि प्रवाळाला तुझं ते भूछत्र.

टाकी पाहायला येणाऱ्यांच्या हसण्याचा एक प्रकार असतो, तो गौरीला पाठ झाला होता. माघात एक स्थळ येऊन गेलं, वीज मंडळातला मुलगा. चांगला होता, म्हणजे गप्प होता. त्याच्या काकांनी टाकीकडे बोट करून, मुलीला मासे पाळायला आवडतात की खायला, असं विचारलं आणि खोली हसली. बाबा सगळ्यात मोठ्याने हसले. मग मुलाने पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि लग्नानंतर हे कुठे ठेवणार असं विचारलं. प्रश्न साधा होता. पण त्याला उत्तर द्यायच्या आत आई म्हणाली, ते काय हो, तोवर राहिले तर ना. पुन्हा हसले सगळे. गौरी आत जाऊन मोरीत उभी राहिली आणि नळ सोडून दिला. तिला रडू येत नव्हतं. एखादी जड वस्तू उचलून कुणाच्या तरी डोक्यात घालावी असं वाटत होतं, आणि मोरीत तांब्याखेरीज काही नव्हतं. तोवर राहिले तर. जणू ती जे काही करत होती ते कुणीतरी बोलावून नेईपर्यंतचा वेळ काढणं होतं. तिची नोकरी, तिची टाकी, तीसुद्धा. त्या दिवशी तिने मनाशी ठरवलं की हे जगवायचं. लग्न होवो न होवो, हे जगलं पाहिजे. आपण मन लावून केलेली एक गोष्ट या घरात टिकते, एवढं तिला या लोकांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं. आणि आता त्याच्या कडेला करडा डाग पडला होता आणि उद्या रविवारी नाशिकहून आणखी एक मंडळी येणार होती.

कलाबाईचं तिला आठवायचं नव्हतं, पण बॅटरीच्या पाण्याचं आठवलं की त्यामागोमाग कलाबाई यायचीच. कलाबाई लिंबायतहून धुणंभांडी करायला यायची, नवरा लूमवर, तिघं पोरं. पाणी बदलूनही रंग निळाच आला तेव्हा गौरीच्या डोक्यात कपड्यांच्या पावडरीचा विचार आला. पावडरीत फॉस्फेट असतं. काच पुसायला हिने ओला फडका मारला असेल, पावडरीचा हात टाकीत बुडवला असेल. तिने कलाबाईला भांडी घासता घासता उठवलं आणि टाकीपुढे उभं केलं. आवाज चढला. बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले. कलाबाईने राखेचे हात पदराला पुसले आणि शांतपणे म्हणाली, "मी त्या काचले हात बी लायेल नई, ताई. तुमना मायले इचारा." गौरीला ते उद्धट वाटलं. स्वतःवरचं आईवर ढकलते, असं वाटलं. आईकडे पाहिलं तर आई कोथिंबीर निवडत होती, मान खाली. गौरी आणखी बरंच काही बोलली, त्यातलं काही आता आठवून तिचे कान तापत. दुसऱ्या दिवसापासून कलाबाई आली नाही. आई स्वतःच भांडी घासायला लागली. रंग तरीही उतरला नाही. तेव्हापासून गौरी रोज स्वतःला सांगत होती की पावडर पाण्यात असते, हळूहळू जाईल, आणि रोज तिला आतून कळत होतं की तसं नाही.

तिने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि दुपारीच मिलमधून निघाली. टाकीच्या तळातलं, दगडांच्या मागचं पाणी काढून आणायचं आणि तेवढंच तपासायचं, असं तिच्या मनात होतं. वर सगळीकडे पाणी फिरत असतं. तळात जे बसलंय ते वेगळं बोलेल. बाहेर चैत्राचं ऊन होतं. चलथाणच्या साखर कारखान्याकडून उसाच्या मळीचा आंबूस वास येत होता आणि रिक्षावाल्याने तोंडाला गमछा गुंडाळला होता. नाल्यावरून रिक्षा गेली तेव्हा खालचं पाणी डाळिंबी दिसलं. आज मिलमध्ये डाळिंबीच चालू होता, सकाळी तिनेच त्या शेडवर सही केली होती. हे पाणी कुणी नळीत घेऊन उजेडात धरत नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्याचाही राग आला, रिक्षाच्या कर्कश गाण्याचा आला, आणि एका माणसाच्या अंगात एवढा राग मावतो कसा याचा आला. पूर्वी ती अशी नव्हती. कॉलेजात तिला मैत्रिणी थंड पाण्याचा माठ म्हणायच्या. माठ फुटत नाही, झिरपतो. इतकी वर्षं झिरपून आता बहुतेक आत काही उरलं नव्हतं, आणि कोरडा माठ ऊन लागलं की तापतो.

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने चपला बाहेर काढल्या आणि ती आत आली ती थेट थबकली. आई टाकीपुढे पाटावर बसली होती. मांडीवर परात, परातीत मळलेली कणीक, आणि कणकेच्या बोराएवढ्या गोळ्या वळून कडेने नीट लावून ठेवलेल्या. टाकीचं झाकण उघडं होतं. आई एक गोळी उचलायची, कपाळाला लावायची, ओठ हलवायची आणि पाण्यात सोडायची. दोन्ही मासे धावत यायचे, गोळी तोंडात घ्यायचे आणि थुंकून द्यायचे. गोळी बुडायला लागायची. मग आई लाटण्याच्या टोकाने ती हळूच दगडाच्या मागे सारायची, जिथे समोरून दिसणार नाही. खिळ्यावर सलाइनची बाटली लटकत होती आणि तिच्या नळीची चिमटी बंद होती. गौरीला सगळ्यात आधी चिमटीच दिसली. गोळ्यांचा अर्थ तिला नंतर लागला. कणीक. गव्हाचं पीठ, सडून पाण्यात फॉस्फेट सोडणारं. बॉयलरला देतात तसा रोजचा डोस, आणि तिने पानवाल्याचा चुना, बॅटरीचं पाणी आणि तिथलचा समुद्र आणला होता.

"कधीपासून?" ती म्हणाली.

आई दचकली. लाटणं टाकीच्या काचेवर आपटलं. आज लवकर कशी आलीस, असं तिने विचारलं, आणि परात पदराखाली घ्यायला गेली, पण परात मोठी होती.

"कधीपासून चाललंय हे?"

"संक्रांतीपासून," आई म्हणाली.

संक्रांतीपासून. गौरीला आपण मांडलेलं सगळं गणित उलट्या दिशेने सरसर सुटताना दिसलं. तिचं पाणी, तिची निवळी, कलाबाई. आई सांगत गेली, खाली मान घालून, पण सांगताना तिचा आवाज कापत नव्हता, उलट आतापर्यंत लपवावं लागलं होतं ते बोलून टाकताना तिला बरंच वाटत असावं. धुळ्याच्या गुरुजींनी पत्रिका पाहून सांगितलं होतं. माशांना कणकेच्या गोळ्या घालायच्या, मुलीचं नाव घेऊन, रोज, चैत्री पौर्णिमेपर्यंत, एक दिवसही खंड पडता कामा नये. तापीच्या घाटावर जायचं म्हणजे दोन बस आणि गुडघ्यांची ही अवस्था. तर तुझे बाबाच म्हणाले, घरात मासे असताना नदीवर कशाला जायचं. हेही मासेच. सुकटीवर जगतात बिचारे, तेवढं त्यांच्या पोटात अन्न जाईल. ते पांढरं पाणी वरून टपकत असताना नाव घ्यायला बरं वाटत नाही म्हणून तेवढ्यापुरती चिमटी लावते, आणि मग कधी उघडायची राहून जाते. चारच दिवस राहिलेत गं पौर्णिमेला, असं म्हणून आईने तिच्याकडे पाहिलं, जणू आता गौरीनेही तेवढे चार दिवस सांभाळून घ्यावेत.

म्हणजे बाबांना माहीत होतं. कलाबाईला माहीत होतं, आणि ती पोटासाठी काम करणारी बाई खरं बोलून घराबाहेर गेली होती, आणि आई कोथिंबीर निवडत होती. सगळ्या घराला माहीत होतं, एकटी ती सोडून, जी रोज टाकीपुढे नळी घेऊन बसायची. गौरीला वाटलं आपण ओरडू. पण आवाज निघाला तो लहान आणि अगदी कोरडा. हे मरतंय आई, असं ती म्हणाली. तू त्याला मारतेयस. आईने प्रवाळाकडे पाहिलं. तिला तिथे काहीच दिसत नसावं, मुठीएवढा एक तपकिरी गोळा, ना पान ना फूल.

"त्याचं काय गं," आई म्हणाली, "ते पुन्हा आणता येईल. तू एकच आहेस."

त्या वाक्यात खोट नव्हती आणि म्हणूनच गौरीला ते सहन झालं नाही. आईला काय म्हणायचंय ते तिला पुरतं कळलं. उन्हात दारं लोटून, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, रोज हिने आपलं नाव घेतलंय, एकेका गोळीला एकदा. या जगात आपलं नाव इतक्या वेळा दुसऱ्या कुणी घेतलं नसेल. आणि इतकं घेऊनही त्या नावाची बाई या खोलीत राहते, तिला काही हवंय, ते समोरच्या काचेत आहे, हे आईला एकदाही दिसलं नव्हतं. तिला दिसत होती ती उद्याची नाशिकची मंडळी, आणि त्यांच्या पलीकडे, कुठल्या तरी दुसऱ्या घरात, साडी नेसून उभी असलेली कुणी गौरी. त्या गौरीसाठी या गौरीच्या पाण्यात पीठ सडत होतं. राग कधी कधी डोळ्यांत येतो, तसा तो आता तिच्या जबड्यात आला. ती खाली बसली, परात आपल्याकडे ओढली, एक गोळी उचलली आणि तोंडात टाकली.

"हे काय करतेस?"

"माझ्यासाठीच आहेत ना," गौरी म्हणाली. "मग मध्ये मासे कशाला?"

कच्ची कणीक दातांना चिकटली. तिला मीठ नव्हतं, चव नव्हती, नुसता गव्हाचा वास. तिने दुसरी गोळी घेतली, तिसरी. गिळताना घशात अडकत होत्या, तरी ती चावून, जोर करून गिळत राहिली. आईचा एक हात तोंडावर गेला. परातीच्या कडेची ओळ एकेक गोळीने तुटत होती. बाहेर गॅलरीत शेजारणीचा रेडिओ चालू होता, टाकीच्या पंपाची बारीक घरघर चालू होती, आणि गौरी खात होती. घास गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं ते कच्च्या पिठाने येत होतं, असं तिला स्वतःला ठासून सांगावं लागलं. पुढच्या गोळीला हात गेला तेव्हा आईने तिचं मनगट धरलं.

"कच्ची आहे ती," आई म्हणाली. "पोटात दुखेल."

एवढंच. व्रत मोडलं म्हणाली नाही, उद्याचं काय म्हणाली नाही. पोटात दुखेल. लहानपणी कैऱ्या खाल्ल्यावर म्हणायची तसंच. गौरीला वाटलं आता आपण वितळणार, आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून सगळं सोडून देणार, चार दिवस, पौर्णिमा, नाशिक, सगळं. तसं ती याआधी किती वेळा वितळली होती. हात पुढे करून लिंबाच्या सालीने नखं घासून घेतली होती. तिने काचेकडे पाहिलं. करडा डाग कालच्यापेक्षा नक्की मोठा होता. तिने मनगट सोडवून घेतलं, उठली, मोरीतली बादली आणली आणि टाकीजवळ ठेवली.

"काढ," ती म्हणाली.

"काय?"

"आत सारलंयस ते. सगळं. मी दगड हलवले तर प्रवाळ दुखावेल, कुठे काय आहे ते तुलाच माहीत आहे. हात घाल आणि काढ."

दिलेलं परत काढत नाहीत, असं आई अगदी हळू म्हणाली. उष्टं असो, काही असो, एकदा नाव घेऊन पाण्यात सोडलं की ते गेलं. परत घेतलं तर केलेलं सगळं उलटतं. गुरुजींनी पहिली गोष्ट हीच सांगितली होती. चारच दिवस राहिले होते. बोलता बोलता तिचा आवाज पहिल्यांदा कापला, आणि तो कापताना ऐकून गौरीला आनंद झाला नाही. पण ती जागची हलली नाही.

"उलटू दे," ती म्हणाली. "माझं आहे ना? मी सांगते, उलटू दे."

मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड उघडत होते, आणखी काही पडेल या आशेने, आणि पडलं तर पुन्हा थुंकायच्या तयारीने. मग आईने परात बाजूला सरकवली. एक गुडघा, मग दुसरा, असं करत ती टाकीपाशी उभी राहिली. हिरव्या बांगड्या तिने कोपराकडे सारल्या, त्या खाली घसरू नयेत म्हणून वर नीट घट्ट बसवल्या, आणि पदर खोचला. हात पाण्याशी नेला आणि तिथे थांबली. ओठ हलले. काय म्हणाली ते गौरीला ऐकू आलं नाही. माफी मागितली असेल, गुरुजींची, तापीची, कुणाची तरी. मग तिचा हात आत गेला, मनगट, कोपर, दगडाच्या मागे. काचेतून तो मोठा आणि म्हातारा दिसला. बाहेर आला तेव्हा मुठीत करडा, बुळबुळीत लगदा होता आणि त्याला सडलेल्या पिठाचा असा भपकारा होता की दोघींनीही तोंड फिरवलं. गौरीने बादली पुढे धरली. आईने मूठ उघडली.

राग गेला नव्हता. गौरीने मनात चाचपून पाहिलं, तो होता तिथेच होता, सगळाच्या सगळा. सोमवारी लिंबायतला जाऊन कलाबाईच्या दारात माफी मागायला उभं राहावं लागेल, तोवर तो पुरला पाहिजे. उद्याची मंडळी येतील, बसतील, बाबा विनोद सांगतील. येऊ देत. डाग तिथवर थांबेल की सगळं खाऊन टाकेल हे आज कुणालाच सांगता येणार नव्हतं. तिने एका हाताने बादली धरली आणि दुसऱ्या हाताने सलाइनच्या नळीची चिमटी सैल केली. चुन्याच्या निवळीचा थेंब सुटला, आईच्या कोपराजवळ पाण्यात पडला, क्षणभर पांढरा धूर झाला आणि विरला. आईने दुसरी मूठ बादलीत सोडली. पाण्याने भिजलेल्या बांगड्या घसरून पुन्हा मनगटावर आल्या होत्या, त्या तिने पुन्हा वर सारल्या.

"अजून आहेत," आई म्हणाली. "तिकडे मागे, भूछत्राखाली."

"तेही," गौरी म्हणाली. "काढ."